न थांबता प्रतीक्षा : कर्नलमधील एक रचनाप्रश्न

जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 मध्यवर्ती भागात व 16 तीन भुजांवर विखुरलेल्या असून त्यांचा विस्तार सुमारे 25 किलोमीटर आहे. त्यांचे संकेत प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि अँटेनांच्या 435 जोड्यांचा परस्परसंबंध तेथे काढला जातो. 2010च्या सुमारास हे काम लिनक्सवर चालणाऱ्या संगणकसमूहाकडे सोपविण्यात आले. निरीक्षणाच्या वेळी जी नोंद राहून जाते, ती त्या क्षणापुरती कायमचीच राहते. म्हणून एखादी प्रक्रिया बंद पडल्यास ते तत्काळ कळणे अशा ठिकाणी अगत्याचे असते.

उदाहरणादाखल असा एक पर्यवेक्षक कार्यक्रम कल्पावा, की जो अँटेनांकडून येणारे संदेश वाचतो, घड्याळ पाहतो आणि नोंद करणाऱ्या अनेक प्रक्रियांवर लक्ष ठेवतो. युनिक्स परंपरेत अपत्य-प्रक्रियेचा शेवट जाणण्यासाठी जनक-प्रक्रिया ‘वेट’ ही हाक कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, देते. परंतु अपत्य संपेपर्यंत ही हाक परत येत नाही. पर्यवेक्षक एका प्रक्रियेची वाट पाहत थिजला, तर अँटेनांचे संदेश वाचावे कोणी?

ह्यावर पहिला उपाय म्हणजे न थांबता विचारणे. ‘वेटपिड’ ह्या हाकेस तशी सूचना देता येते. अपत्य जिवंत असल्यास ती लगेच परतते. मात्र पुन्हा केव्हा विचारावे, हा प्रश्न उरतो. वरचेवर विचारल्यास संगणकाचा वेळ व्यर्थ जातो. विलंबाने विचारल्यास वार्ता उशिरा कळते.

दुसरा उपाय सिग्नलचा. अपत्य संपताच कर्नल जनकाला ‘सिगचाइल्ड’ हा सिग्नल पाठवितो. परंतु हे सिग्नल रांगेत साठत नाहीत. तीन अपत्ये एकदमच संपली तर एकच सिग्नल पोहोचू शकतो, म्हणून तो मिळताच सर्व अपत्यांची विचारपूस करावी लागते. शिवाय सिग्नल हाताळण्याची व्यवस्था साऱ्या प्रक्रियेत एकच असते. मुख्य कार्यक्रम व त्याने वापरलेले ग्रंथालय यांपैकी एकाने ती बदलली की दुसऱ्याची व्यवस्था मोडते.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रक्रिया तिच्या क्रमांकाने ओळखली जाते. पण क्रमांक म्हणजे ओळख नव्हे. संपलेल्या अपत्याचा निकाल जनकाने उचलेपर्यंत त्याचा क्रमांक राखून ठेवला जातो. तदनंतर तो नव्या प्रक्रियेस मिळू शकतो. जो पर्यवेक्षक स्वतः जनक नाही, त्याने जुना क्रमांक जपून ठेवून थांबण्याची आज्ञा दिली, तर चालू नोंद करणारी भलतीच प्रक्रिया मारली जाण्याचा संभव असतो.

ह्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे : प्रक्रियेचा शेवट ही इतर घटनांसारखी हाती धरता येणारी वस्तू नव्हती. फ्रीबीएसडीने 2000 साली ‘केक्यू’ ह्या यंत्रणेत हा शेवट इतर घटनांच्या पंक्तीस आणला. पण तेथे प्रक्रिया क्रमांकानेच सांगावी लागे. 2012 साली त्याच प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत प्रक्रियेसाठी स्वतंत्र डिस्क्रिप्टर आला. लिनक्सने 2019 साली ‘पिडएफडी’ ह्या नावाने हीच दिशा घेतली. 5.2 ह्या आवृत्तीपासून प्रक्रियेच्या जन्माबरोबरच तिचा डिस्क्रिप्टर मिळू लागला. 5.3 पासून प्रक्रिया संपताच तो ‘वाचण्यास सिद्ध’ होतो, आणि ‘पोल’ ही हाक संदेश, घड्याळ व प्रक्रिया ह्या सर्वांची प्रतीक्षा एकाच जागी करू शकते. डिस्क्रिप्टर विशिष्ट प्रक्रियेशीच बांधलेला असल्यामुळे क्रमांकाच्या पुनर्वापराने तो फसत नाही.

तथापि वार्ता कळणे आणि निकाल उचलणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. वार्ता कोणीही डिस्क्रिप्टरधारक ऐकू शकतो; निकाल मात्र जनकानेच उचलावयाचा असतो. 5.4 पासून ‘वेटआयडी’ ही हाक डिस्क्रिप्टर स्वीकारते. 2020 साली 5.10 मध्ये डिस्क्रिप्टर न थांबणारा करून घेण्याची सोय झाली. तेव्हा प्रक्रिया संपलेली नसल्यास हाक ‘नंतर यावे’ एवढेच सांगून परतते. चांगल्या रचनेची कसोटी ह्यातच आहे : प्रतीक्षा कोठे करावी हे वापरणाऱ्याने ठरवावे, आणि कोणाची करावी ह्याविषयी कर्नलने संदिग्धता ठेवू नये.