ग्रँड कॅन्यन पाहावयास जातांना

इसवी सन १५४० मध्यें गार्सिआ लोपेझ दे कार्देनास ह्या स्पॅनिश सरदाराची लहानशी तुकडी होपी वाटाड्यांच्या मागोमाग एका प्रचंड दरीच्या कांठावर येऊन पोंचली. खालून वाहणारी नदी त्या लोकांना जेमतेम सहा फूट रुंद भासली. ती त्याहून कितीतरी मोठी आहे असें होपी लोक सांगत होते. पण तें पाहुण्यांस पटेना. तीन दिवस उतरण्याची वाट शोधल्यावर, त्यांतल्या त्यांत सोप्या दिसणाऱ्या जागेवरून तिघे चपळ शिपाई खालीं निघाले. दुपारीं चारच्या सुमारास ते परतले. नदीपर्यंतची जेमतेम एकतृतीयांश वाट त्यांना उतरतां आली होती. वरून पुरुषभर उंचीचे दिसणारे खडक जवळून पाहिल्यावर सेव्हिल शहरांतील प्रसिद्ध मनोऱ्याहूनही उंच निघाले, असें त्यांनीं शपथेवर सांगितलें. युरोपीय मनुष्यानें ग्रँड कॅन्यन पाहिल्याची ही पहिली हकीकत. दरीचा जो गुण तींत नोंदला गेला तो आजही तसाच आहे. ही दरी पाहणाऱ्याच्या नजरेस फसविते. आणि तेथें जाण्याचा बेत आंखणाऱ्यानें प्रथम हेंच ध्यानांत ठेवावयास हवें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ॲरिझोना संस्थानाच्या उत्तर भागांत कोलोरॅडो नदीनें ही दरी कोरली आहे. तिची लांबी २७७ मैल, कांहीं ठिकाणीं रुंदी १८ मैल, आणि खोली मैलाहून अधिक. १९०८ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं तिला राष्ट्रीय स्मारकाचें संरक्षण दिलें. २६ फेब्रुवारी १९१९ रोजीं ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९७९ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत तिचा समावेश झाला. २०२४ सालीं सुमारें ४९ लाख प्रवासी येथें येऊन गेले. त्यांतील बहुतेक कांठावरून दरी पाहून परततात. आंत उतरणारे फार थोडे. तथापि सुटकेसाठीं उद्यानाच्या रक्षकांना ज्यांच्याकडे धांवावें लागतें, ते प्रवासी बहुधा ह्या थोड्यांपैकींच असतात.

ह्याचें कारण असें कीं, ग्रँड कॅन्यन हा जणूं उलटा पर्वत आहे. गड चढणारा मनुष्य दमला म्हणजे मागें फिरतो, आणि मागें फिरणें म्हणजे उतरणें. त्याचे अवघड श्रम ताज्या दमानें, सकाळच्या गारव्यांत होऊन गेलेले असतात. येथें सारा क्रम उलटा. सकाळीं थंड हवेंत पाय आपोआप उतारास लागतात, थकवा जाणवत नाहीं, आणि दम संपला असें वाटतें तेव्हां खरी चढण सुरू व्हावयाची असते. तीही भर उन्हांत. शिवाय खालीं जावें तसतसा उष्मा वाढत जातो. दर हजार फूट उतरल्यावर तपमान सुमारें साडेपांच अंश फॅरनहाइटनें चढतें. उन्हाळ्यांत कांठावर सुखावह हवा असते, तेव्हां तळाशीं पारा ११० अंशांवर, म्हणजे सेल्सिअस मापानें ४३ च्याही वर जाऊं शकतो.

म्हणून पहिला प्रश्न ऋतूचा. ‘वाळवंटांतील दरी’ हे शब्द ऐकून केवळ सुती कपडे घेऊन निघणारा प्रवासी कांठावरच कुडकुडतो. दक्षिण कांठ समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट, तर उत्तर कांठ सुमारें ८,००० फूट उंच आहे. तेथें पाइन वृक्षांचीं रानें आहेत आणि हिवाळ्यांत बर्फ पडतें. खरें वाळवंट आहे तें तळाशीं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबर हे दिवस सर्वांत सोयीचे. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारीं मेघगर्जनेसह पाऊस येतो. तेथील लोक त्यालाही ‘मान्सून’ म्हणतात. अशा वेळीं उघड्या कड्यावर उभें राहणें म्हणजे विजेस आमंत्रण देणें होय.

दुसरा प्रश्न कोणत्या बाजूस जावें हा. दोन्ही कांठांमधील अंतर सरळ रेषेंत सुमारें १० मैल. मोटारीनें मात्र २१५ मैलांचा वळसा पडतो. दक्षिण कांठ वर्षभर खुला असतो. उत्तर कांठ बर्फामुळें एरवीं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असे. जुलै २०२५ मध्यें लागलेल्या वणव्यांत तेथील जुनें निवासगृह जळून खाक झालें आणि तो भाग बंद ठेवावा लागला. त्या बाजूचा बेत करणाऱ्यानें आधीं चौकशी करावी हें उत्तम. लास व्हेगासहून निघणाऱ्या पुष्कळ सहली ज्या काचेच्या सज्जावर नेतात, तो राष्ट्रीय उद्यानांत नसून पश्चिमेकडे वालापाई लोकांच्या भूमींत आहे. दक्षिण कांठापासून तें ठिकाण मोटारीनें कित्येक तासांच्या अंतरावर आहे. तिकिटें काढण्यापूर्वीं हा भेद न जाणणारे अनेक प्रवासी निराश होतात.

दक्षिण कांठावर जाण्यास विल्यम्स गांवाहून आगगाडी आहे. ती प्रथम १९०१ मध्यें धांवली, १९६८ मध्यें बंद पडली आणि १९८९ मध्यें पुन्हां सुरू झाली. कांठावरील निवासस्थानें फार आधीं भरतात. तळाशीं असलेल्या फँटम रँचच्या जागेसाठीं तर कित्येक महिने अगोदर अर्ज करून सोडतीची वाट पाहावी लागते. तळाशीं तंबूंत मुक्काम करावयाचा तरी परवाना हवा. घड्याळाकडेही लक्ष असावें. अमेरिकेच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यांत घड्याळें तासभर पुढें करतात. ॲरिझोनांत तसें करीत नाहींत, पण शेजारच्या नॅव्हाहो प्रदेशांत करतात. पूर्वेकडून येणाऱ्याचा एक तास ह्या घोटाळ्यांत सहज चुकतो.

कांठावरचा एक दिवस वायां जात नाहीं. पश्चिमेकडील हर्मिट रस्त्यावर मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत खासगी मोटारींस मज्जाव असतो. उद्यानाच्या बसगाड्या मोफत नेतात. यावापाई येथील संग्रहालयापासून कांठाकांठानें जी पायवाट जाते, तींत एका मीटरास दहा लक्ष वर्षें असें प्रमाण धरून पृथ्वीचा इतिहास मांडला आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा. ग्रँड कॅन्यनचा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत तरुण थर त्याच्या चौपट जुना आहे. तळाशीं असलेल्या काळसर खडकाचें वय १७० कोटी वर्षांच्या घरांत जातें. त्या खडकास ‘विष्णु’ हें नांव आहे. १८८० नंतरच्या दशकांत क्लॅरन्स डटन ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें दरींतून उठलेलीं पायरीपायरीचीं शिखरें पाहिलीं, तेव्हां त्याला पूर्वेकडील देवळांची आठवण झाली, आणि त्यानें एकास विष्णूचें व दुसऱ्यास शिवाचें मंदिर म्हटलें. पुढें ब्रह्मा, मनु, बुद्ध, झरतुष्ट्र हींही नांवें नकाशावर आलीं. परक्या भूमींत हीं नांवें वाचून मराठी प्रवाशास मौज वाटल्यावांचून राहत नाहीं.

दरींत उतरूं इच्छिणाऱ्यापुढें मुख्य वाटा दोन. दक्षिण कायबाब ही वाट कण्याकण्यानें उतरते. तिच्यावरून दृश्य अप्रतिम दिसतें, पण सावली थोडी आणि पाण्याचा थेंब नाहीं. ब्राइट एंजल वाटेवर दीड व तीन मैलांवर विसाव्याच्या जागा आहेत आणि तेथें उन्हाळ्याच्या मोसमांत पाणी मिळतें. पुढें साडेचार मैलांवर हावासुपाई गार्डन्स. परंतु नळाच्या पाण्यावर डोळे मिटून विसंबूं नये. दक्षिण कांठाचें पाणी दरीपलीकडील झऱ्यांतून १९६० नंतरच्या दशकांत घातलेल्या नळानें येतें. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तो अनेक ठिकाणीं फुटला, तेव्हां कांठावरील मुक्काम कांहीं दिवस बंद ठेवावे लागले. त्या दिवशीं पाणी कोठें चालू आहे व वाट उघडी आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं रक्षकांस विचारावें.

उतरण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढण्यास लागेल असा हिशेब धरावा. उन्हाळ्यांत सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत चढणीवर असूं नये. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशीं परतण्याचा हट्ट धरूं नये. केवळ पाणी पीत राहणेंही धोक्याचें आहे; घामावाटे मीठ जातें आणि नुसत्या पाण्यानें रक्तांतील क्षार पातळ होऊन मनुष्य भ्रमिष्ट होऊं शकतो. यासाठीं खारे पदार्थ बरोबर असावेत व ते भूक नसतांही खावेत. ह्या दरींत उष्म्यानें प्राणास मुकलेल्यांत तरुण व धडधाकट माणसेंही आहेत. त्यांच्या अंगीं बळ कमी नव्हतें. परतीच्या वाटेचा अंदाज चुकला होता.

हावासुपाई गार्डन्स ह्या नांवामागें एक इतिहास आहे. हावासुपाई लोक ह्या झऱ्यांकांठीं पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. उद्यान झाल्यावर त्यांना तेथून हुसकावण्यांत आलें. शेवटचा रहिवासी १९२८ सालीं गेला. ती जागा पुढें ‘इंडियन गार्डन’ म्हणून ओळखली जाई. २०२२ मध्यें तिला हावासुपाई नांव देण्यांत आलें. आजही हे लोक दरीच्या पश्चिम भागांतील सुपाई गांवांत राहतात आणि त्यांचें टपाल खेचरांवरून जातें. ज्या ठिकाणीं पाहुणा तासाभरांत व्याकुळ होतो, तेथें पाणी कोठें आहे व केव्हां चालावें हें जाणून माणसें शतकानुशतकें नांदलीं.

त्या तिघा शिपायांस नदी गांठतां आली नाहीं. पण ते वेळेवर वळले आणि दिवस मावळण्यापूर्वीं आपल्या माणसांत सुखरूप परतले. दोन दिवस हातीं असलेल्या कुटुंबानेंही एवढेंच करावें. पहांटे निघावें, पहिल्या विसाव्यापर्यंत उतरावें, तेथें बसून वर-खालीं पाहावें आणि ऊन तापण्यापूर्वीं वर यावें. नदी राहिली तरी चालेल. ती दरीच्या तळाशीं वाहत आहेच.