चिमुकले पक्षी आणि त्यांच्या पाठीमागचं सगळं

हा लेख आजी-आजोबांनी नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावा. मोबाईलची बटणं मुलांना कळतात आणि धीर आपल्याकडे असतो. दोन्ही एकत्र आल्याशिवाय त्सुफितचा चांगला फोटो निघत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आमचं घर रामल्याला, तळमजल्यावर. मागे चार पावलांची गिना. तिच्यात एक डाळिंब, एक लिंबू आणि कुंपणावर चढलेला नारिंगी फुलांचा टेकोमा. त्या फुलांवर त्सुफित येते. आपल्या कोकणातल्या शिंजीराची ही इकडची भावंडं. वजन दोन चमचे औषधापेक्षाही कमी! नर सावलीत बसला तर नुसता कोळसा दिसतो. ऊन आपल्या पाठीमागून त्याच्यावर पडलं की तोच निळा-हिरवा चमकतो. म्हणून फोटो सकाळीच काढावा, सूर्य पाठीशी घेऊन. उन्हाळ्यात नऊ वाजल्यानंतर ऊन फार कडक होतं, मग घरात बसून चहा प्यावा हे उत्तम.

फोटो बहुतेकांचे बिघडतात ते पक्ष्यामुळे नव्हे, तर त्याच्या मागे जे असतं त्यामुळे. बुलबुल छान बसलेला असतो, पण त्याच्या डोक्यातून शेजाऱ्याच्या गच्चीवरचा दूद शेमेश उगवलेला! नाहीतर दोरीवरचे कपडे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तेव्हा आधी पक्षी बघू नये, पाठीमागची जागा बघावी. आम्ही बादलीत वाळू भरून डाळिंबाची एक वाळकी फांदी उभी केली आहे. फांदीपासून कुंपणाची झाडी तीन-चार मीटर मागे. पक्षी आपल्या जवळ आणि झाडी त्याच्यापासून लांब असली की झाडी आपोआप पुसट, मऊ हिरवी होते. कॅमेरा असेल तर झूम पूर्ण लांबवावा, छिद्राचा आकडा सर्वांत लहान ठेवावा आणि वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, कारण ही पाखरं क्षणभर स्वस्थ बसत नाहीत. नेम डोळ्यावर धरावा. झाडी सावलीत आणि पक्षी उन्हात असेल तर कॅमेरा फसतो, पक्षी पांढराफटक करून टाकतो. अशा वेळी उजेड एक पायरी कमी करावा, मागे जवळजवळ काळा हिरवा मखमलीसारखा रंग मिळतो.

मोबाईलमध्ये पाठीमागचं पुसट करणारी सोय असते, पण ती त्सुफितची बारीक वाकडी चोच सुद्धा पुसून टाकते! त्यापेक्षा मोबाईल फांदीजवळ स्टुलावर टेकवून ठेवावा आणि रिमोटच्या बटणाने लांबून फोटो घ्यावा. मागे एकरंगी भिंत किंवा दाट झाडी असली की झालं.

लपण्यासाठी जंगलातला तंबू नको. आपलं त्रिस अर्ध्यावर आणावं आणि खालच्या फटीतून बघावं. खुर्ची आत, माणूस आत, पक्ष्यांना काही कळत नाही. आमची सगळी नोकरी वॉर्डात गेली. झोपलेल्या रोग्याला न जागवता त्याच्या उशाशी बसण्याची सवय आता अशी कामाला येते.

फांदीजवळ मातीच्या ताटलीत पाणी ठेवतो. पाण्याला यायच्या आधी बुलबुल त्या फांदीवर टेकतोच. बालमित्रांनो, इथल्या बुलबुलच्या डोळ्याभोवती पांढरं कडं आणि शेपटीखाली पिवळा रंग असतो, आपल्या भारतातल्या बुलबुलला तिथे लाल. मात्र ताटली रोज ओतून, घासून परत भरायची. साठलेल्या पाण्यात डास होतात, आणि पश्चिम नाईल तापाचे विषाणू डासच पक्ष्यांकडून माणसांत आणतात. या देशात २००० साली आणि परत २०२४ च्या उन्हाळ्यात त्याची मोठी साथ आली. आपल्या वयाच्या माणसांना तो ताप जड जातो. कंटाळा येत असेल तर ताटली ठेवूच नये.

पावाचे तुकडे टाकू नयेत. त्यावर कावळे येतात आणि साळुंक्या. हो, आपलीच साळुंकी! १९९० च्या दशकाच्या शेवटी ती तेल अवीवच्या यारकॉन उद्यानाच्या बाजूला सुटली आणि देशभर पसरली. हिने आलिया केली ती सोखनुतला न विचारता. भारतात तिच्याबद्दल आमचं काही म्हणणं नव्हतं, इथे मात्र ती चिमण्यांच्या घरट्याची भोकं बळकावते.

आता घरट्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी वसंतात त्सुफितच्या मादीने आमच्या मिर्पेसेतवर, दिव्याच्या तारेला लोंबणारी पिशवी विणली. कोळ्याची जाळी, गवत, कापूस, जे मिळेल ते. बिल्डिंगमधली मुलं रोज बघायला यायची. एकाने मन लावून सुचवलं, "सावता, पुढची वेलीची पानं कापू या, मागे निळं आकाश येईल, फोटो मस्त निघेल." फोटो खरंच मस्त निघाला असता. पण त्याच पानांनी घरट्यावर सावली धरली होती आणि कावळ्याच्या डोळ्यापासून ते लपवलं होतं. पानं गेली असती तर दुपारच्या उन्हात पिल्लं भाजली असती, नाहीतर कावळ्याने खाल्ली असती. आम्ही कात्री कपाटात ठेवली आणि तो दिवाही महिनाभर लावला नाही. मुलाला थोडा राग आला. तेव्हा त्याला सांगितलं की वन्य पक्ष्यांना इथे १९५५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे पोलीस आजीच्या बाजूने! पिल्लं उडाली त्या सकाळी तो शाळेत होता. घरट्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एका पिल्लाचा आहे, टेकोमावर बसलेलं, शेपूट जेमतेम फुटलेली, मागे सगळं हिरवं. तो त्यानेच दुपारी त्रिसमागून काढला.

ऑक्टोबरात नहलिएली येतील. हा आपला धोबी पक्षी, हिवाळ्याचा पाहुणा, सारखी शेपूट हलवणारा. त्याचा फोटो उभ्याने काढला तर मागे नुसती जमीन येते. कॅमेरा गवताच्या पातळीवर आणला की पुढे-मागे दोन्हीकडे हिरवा धूसर पट्टा मिळतो. आमचे गुडघे तेवढं वाकत नाहीत, म्हणून ते काम पोटावर झोपणाऱ्या नातवांकडे. त्यांना खाली एक जुनी चादर अंथरून द्यावी, सकाळी गवत ओलं असतं.