मुद्रणसंकेत, आज्ञावली-पुस्तिकांतील
संगणकीय आज्ञावलींच्या माहितीपुस्तिकांत व्याख्या केलेल्या संज्ञा, भर द्यावयाचे शब्द आणि जशाच्या तशा टंकावयाच्या आज्ञा वेगळ्या ओळखता याव्यात, यासाठी योजिलेली अक्षरवळणे व चिन्हे. रोमन लिपीत नवी संज्ञा बहुधा तिरप्या, पडद्यावरील पर्यायाचे नाव ठळक आणि आज्ञा सारख्या रुंदीच्या अक्षरांत छापतात. एकच वळण दोन कामांसाठी वापरल्यास भर दिलेला शब्दच आज्ञा समजून टंकला जाण्याचा संभव असतो.

देवनागरीत रोमनप्रमाणे मोठी अक्षरे नाहीत. तिरप्या अक्षरांची जुनी परंपराही नाही. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेखा तुटते. त्यामुळे सर्व भार ठळक अक्षरांवर पडतो. वाई (जि. सातारा) येथे संपादित झालेल्या व १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात हा भार चिन्हांनी हलका केला आहे : ज्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, त्याच्या नावामागे बाण छापलेला असतो.

भर देण्यासाठी मराठीत ‘च’ हे अव्यय आहेच. ‘हीच कळ दाबावी’ या वाक्यास निराळ्या अक्षरांची गरज नाही. म्हणून ठळक वळण संज्ञेच्या व्याख्येपुरते, तेही प्रथम उल्लेखाच्या वेळी, राखून ठेवणे इष्ट ठरते.