एका मंचावरची अनेक भाषणं

संयुक्त महाराष्ट्र समिती 1956 साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या मंचावर कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष एकत्र बसले. भाषणं एकामागून एक होत, पण कोणाचं भाषण दुसऱ्यासारखं नसे. डांगे कामगाराच्या बाजूने मुद्दा मांडत, एसेम जोशी संयमाने बोलत, क्रांतिसिंह नाना पाटील गावरान बोलीत सभा हलवत आणि आचार्य अत्रे विरोधकांची सालटी काढत. शाहीर अमर शेख यांच्या डफावर सभा पुन्हा ताजी होई. आधीच्या वक्त्याने मोकळी सोडलेली जागा पुढचा भरून काढे. मराठी सभेचं ते वैभव होतं, असं मी ठामपणे म्हणतो.

30 ऑक्टोबर 1966 ला शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मेळावा झाला. त्यात प्रबोधनकार ठाकरे बोलले, रामराव आदिक बोलले, बाळासाहेब ठाकरेही बोलले. पुढे दसरा मेळावा म्हणजे एकाच भाषणाची वाट पाहणं, असं होत गेलं. इतर पक्षांतही तेच झालं. मुख्य नेता येईपर्यंत बाकीच्यांनी वेळ भरून काढायचा. त्यात 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली. आता नेत्याला उशीर झाला की स्थानिक कार्यकर्त्याच्या हाती चिठ्ठी येते, आणि गावच्या पाण्याचा प्रश्न मांडणारं एकमेव भाषण अर्ध्यावर थांबतं.

कोण बोलणार, कोण शेवटी बोलणार, हीच बातमी होऊ लागली. एप्रिल 2023 मध्ये महाविकास आघाडीच्या नागपूरमधील वज्रमूठ सभेत प्रत्येक पक्षाचे दोनच वक्ते ठरले होते. अजित पवार बोलले नाहीत, तर चर्चा सभेतल्या मुद्द्यांपेक्षा त्यांच्या न बोलण्याचीच झाली.

त्याच दिवशी, 16 एप्रिलला, खारघरमध्ये महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखोंचा जनसमुदाय भर उन्हात उघड्यावर बसला होता. मंचावर छप्पर होतं. सत्कार झाला, मान्यवरांची भाषणं झाली, आणि उष्माघाताने 14 श्रीसेवकांचे, म्हणजे सत्कारमूर्तींच्या अनुयायांचे, जीव गेले. त्यानंतर त्या उन्हाळ्यापुरते दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं सरकारने जाहीर केलं. हे शहाणपण चौदा माणसं गेल्यावर सुचलं, याचा मला आजही संताप येतो.

5 जुलै 2025 ला मात्र वरळी डोममध्ये आधी राज ठाकरे आणि मग उद्धव ठाकरे बोलले. एकाच मंचावर दोन वेगळ्या धाटणीची भाषणं ऐकायला मिळाली आणि लोकांनी दोन्ही मनापासून ऐकली. श्रोता थकलेला नाही. त्याला तीच वाक्यं सात तोंडांतून नको आहेत. आयोजकांनो, वक्ते निम्मे करा, स्थानिक माणसाला पुरता वेळ द्या आणि मंचावर मंडप घालण्याआधी तो श्रोत्यांच्या डोक्यावर घाला.