तोंडी परीक्षेचे पाच महिने

परीक्षा आषाढात होती. माघात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याहून पुस्तकांची पिशवी घेऊन गावी, सोनारीला आलो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा, विषय अनेक कणांचं क्वांटम भौतिकशास्त्र. आज मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या पाच महिन्यांतले पहिले दोन मी वाया घालवले.

त्या दोन महिन्यांत नुसतं पाठांतर केलं. पहाटेच गच्चीवर बसायचो, कारण ऊन वर आलं की भैरवनाथाच्या देवळाकडची माकडं घरांवर उतरायची, आणि हातातला कागद म्हणजे त्यांना खाऊची पुडी वाटायची. वही सूत्रांनी भरली. लेखी परीक्षेला तेवढं पुरलं असतं. तोंडी परीक्षेत समोरचा ‘का?’ विचारतो, आणि त्याचं उत्तर वहीत नव्हतं.

या विषयाची खरी अडचण मोजदादीत आहे. इलेक्ट्रॉनच्या एका स्पिनच्या मूळ अवस्था दोनच, वर किंवा खाली. दहा स्पिन घेतले की 1,024 होतात. चाळीस घेतले की आकडा 1 लाख कोटींच्या पुढे जातो, आणि पदार्थाच्या कणभर तुकड्यातही चाळीसच्या कितीतरी पट स्पिन असतात. प्रत्येकाचं नातं फक्त शेजाऱ्याशी असलेली साखळी हान्स बेथेनं 1931 साली अचूक सोडवली. पण ते गणित मांडताना माझा धागा हमखास तुटायचा.

चैत्रात, यात्रेच्या दिवसांत, मजुमदार-घोष प्रतिमान हाती लागलं. चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी 1969 साली ते मांडलं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. कॉलेजच्या पाच वर्षांत मी हे नाव ऐकलंच नव्हतं. आपल्याच राज्यात, कुलाब्याला झालेलं काम. अभिमान वाटला, आणि इतक्या उशिरा कळल्याचं वाईटही वाटलं.

बाजेवर पाय लांब करून बसलेल्या आईला ते सांगायला लागलो. ‘‘शेजारच्या स्पिनला एकमेकांच्या उलट राहायचं असतं. एक सोडून पलीकडच्याशीही तसंच, पण ओढ निम्मी. आता तिघं घे. पहिला वर, दुसरा खाली. तिसरा दोघांच्याही उलट कसा होणार?’’

‘‘तीन तिघाडा, काम बिघाडा,’’ आई म्हणाली.

भौतिकशास्त्रात याला फ्रस्ट्रेशन म्हणतात. आईचा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण बिघाड तिघांमुळे होतो हे त्यातच आलं. त्यावरचा उपाय फार देखणा आहे. साखळीतल्या स्पिनच्या दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. मग सलग कुठलेही तीन स्पिन उचला, त्यांत एक जोडी असतेच, आणि तेवढ्यानं त्या तिघांची ऊर्जा शक्य तितकी खाली जाते. प्रत्येक तिकडी तळाला पोचली की अख्ख्या साखळीला आणखी खाली जायला जागाच उरत नाही. हिशेब पडतो दर स्पिनमागे उणे तीन-अष्टमांश जे. जे म्हणजे शेजाऱ्यांमधल्या ओढीचं माप. जोड्या दोन तऱ्हांनी लागतात, म्हणून तळाच्या अवस्थाही दोन. लाख कोटी अवस्थांतून वाट काढायला तीनच स्पिन नीट समजावे लागले. पुढचे तीन महिने मी प्रत्येक प्रकरण असंच आईला सांगत गेलो. ती कंटाळली की माझंच कुठेतरी चुकलंय असं समजायचो, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

परीक्षेत फळ्यावर हेच प्रतिमान मांडलं. विचारलं गेलं, एक जोडी तोडली तर? दोन सुटे स्पिन उरतात, आणि दोन तऱ्हांच्या जोड्यांमधली हद्द होऊन ते साखळीत वेगवेगळे फिरू शकतात, इथपर्यंत सांगितलं. त्यांची ऊर्जा काढताना अडलो. परीक्षकांनी एक पायरी सुचवली, पुढचं मी पूर्ण केलं. पास झालो.

आमच्या परंडा, भूम, वाशीकडून कुणी या विषयाकडे येणार असेल, तर इंग्रजी पुस्तकं जरूर वाचा, पण प्रत्येक प्रकरण घरातल्या कुणाला तरी मराठीत मोठ्यानं सांगून बघा. आणि सुरुवात मजुमदार-घोषपासून करा.