सासाफ्रासची सुगंधी पेटी

सासाफ्रासच्या फळीवर रंधा फिरला, की पहिल्या हातालाच वास दरवळतो. बडीशेप, दालचिनी आणि मागून हळूच येणारा ज्येष्ठमधाचा गोडवा. फळी वर्षानुवर्षं पडून असली तरी वरचा करडा थर निघताच नारिंगी-तपकिरी गाभा उघडा पडतो आणि वास पुन्हा ताजा होतो. अमेरिकेच्या पूर्व भागातले सुतार हे लाकूड ओळखताना डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवतात, कारण दिसायला ते थेट ॲशच्या लाकडासारखं असतं.

हे झाड मेनपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत आढळतं. पडीक शेतात, कुंपणाच्या कडेला ते आपसूक उगवतं आणि मुळांतून नवे फुटवे काढत पसरतं. त्याच्या एकाच फांदीवर तीन तऱ्हेची पानं सापडतात: एक साधं लंबगोल, एक एका अंगठ्याच्या हातमोज्यासारखं आणि एक तीन पाळ्यांचं. दालचिनी, तमालपत्र आणि कापराचं झाड याच्याच कुळातले. म्हणजे मराठी घरातल्या मसाल्याच्या डब्यात आणि देवघरात या परदेशी झाडाचे भाऊबंद आधीपासून आहेत. त्याच्या वासाचं मूळ सॅफ्रोल या द्रव्यात आहे. मुळांच्या सालीपासून काढलेल्या तेलात ते ८० टक्क्यांच्या आसपास असतं. आपल्या जायफळातही ते थोडं असतंच.

या झाडापायी युरोपने एकेकाळी जहाजं पाठवली. सोळाव्या शतकात सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी सासाफ्रासचे औषधी गुण वर्णन केले आणि मागणी वाढली. १६०२ मध्ये इंग्रज दर्यावर्दी बार्थोलोम्यू गॉस्नॉल्ड आजच्या मॅसॅच्युसेट्सजवळच्या कटीहंक बेटावरून सासाफ्रास भरून इंग्लंडला परतला. त्या किनाऱ्यावर हक्क सांगणारा सर वॉल्टर रॅले चिडला. इतका माल एकदम बाजारात आला तर भाव कोसळणार, ही त्याची तक्रार होती. पुढच्याच वर्षी दुसरा इंग्रज दर्यावर्दी मार्टिन प्रिंगही याच मालासाठी निघाला.

सालीला असा भाव मिळाला, पण लाकडाला प्रतिष्ठा कधीच मिळाली नाही. ते हलकं आहे, घनमीटरला सुमारे ५०० किलो. कठीणपणात व्हाइट ओकच्या निम्म्यालाही पोचत नाही आणि वर ठिसूळ. त्याला लवकर कूज लागत नाही, म्हणून कुंपणाचे खांब आणि होड्या त्याच्या होत. सासाफ्रासच्या पलंगाला ढेकूण लागत नाहीत, खुराड्यात त्याचे दांडे असले की कोंबड्यांना उवा होत नाहीत, अशी समजूत होती. जेवणाचं टेबल किंवा खुर्ची करावी, असं मात्र हे लाकूड नव्हे.

लहान पेटीत या उणिवा आड येत नाहीत. पेटीला ओझं पेलायचं नसतं. बुंधे बहुधा बारीक, म्हणून फळ्या अरुंद निघतात. पेटीला तेवढ्या पुरतात. आणि वास तर बंदिस्त जागेतच साठतो.

समजा वीतभर लांब आणि चार बोटं उंच पेटी करायची आहे. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापायच्या, म्हणजे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे चालू राहतात. टोकं ४५ अंशांत कापून जोडता येतात, पण नुसत्या सरसावर असा जोड फार काळ टिकत नाही. म्हणून कोपऱ्यात तिरप्या खाचा पाडून त्यात अक्रोडाच्या पातळ पट्ट्या बसवतात. गडद पट्टी फिक्या लाकडावर उठूनही दिसते. पटाशीला मात्र चांगली धार हवी. या लाकडात वसंतात वाढलेला थर सच्छिद्र आणि नंतरचा घट्ट असतो. बोथट पटाशी मऊ थर कापत नाही, चुरडते. खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावं, नाहीतर फळी उभी चिरते.

तळाची फळी खोबणीत सरकवायची, चिकटवायची नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आणि त्यांना आडवं सुमारे ४ टक्के आक्रसतं. वाळल्यावरही हवेतल्या दमटपणाबरोबर थोडं हलत राहतं. तळ जखडला तर कोपरे उघडतात. झाकणासाठी जुनी युक्ती उत्तम: आधी सगळीकडून बंद पेटी करायची आणि मग वरचा भाग करवतीने वेगळा कापायचा. झाकणाच्या आणि पेटीच्या रेषा हुबेहूब जुळतात.

खरी कसोटी शेवटी लागते. बाहेरून लाखेचं पॉलिश द्यावं, आतलं लाकूड कोरंच ठेवावं. आत पॉलिश दिलं तर सुगंध कोंडला जातो. जवसाचं तेल लावलं तर काही महिन्यांनी त्याचाच खवट वास येतो. सॅफ्रोलचा उत्कलनबिंदू २३० अंशांच्या वर आहे, म्हणून ते सावकाश उडतं आणि कोऱ्या लाकडातून वर्षानुवर्षं झिरपत राहतं. वास मंदावला तर आतून हलका पॉलिश पेपर फिरवला की पुरे.

या पेटीत चहा किंवा खाऊ मात्र ठेवू नये. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये सॅफ्रोलमुळे यकृताचा कर्करोग आढळल्यावर अमेरिकेने १९६० मध्ये अन्नात त्याच्या वापरावर बंदी घातली. लाकूड घासताना तोंडाला मास्क आणि खोलीत खेळती हवा हवीच. पेटीत दोऱ्याची रिळं, पत्रं, दागिने खुशाल ठेवावेत.

आता या झाडावरच संकट आहे. २००२ मध्ये जॉर्जियातल्या सवाना बंदराजवळ आशियातून आलेला एक चिमुकला भुंगेरा सापडला. तो लाकडी खोक्यांतून आला असावा, असं मानलं जातं. तो सोबत एक बुरशी आणतो. बुरशी शिरली की झाडातलं पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पडतात आणि काही आठवड्यांत झाड वाळतं. सासाफ्रासची झाडं मुळांनी जोडलेली असल्याने रोग एका खोडातून दुसऱ्यात जातो. २०१९ पर्यंत तो केंटकी आणि टेनेसीत पोचला. म्हणून ओले ओंडके आणि जळाऊ लाकूड एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नये, असं तिथले वनाधिकारी सांगतात. पेटी करणाऱ्यांनीही जवळपासच्याच गिरणीतून भट्टीत वाळवलेली फळी घ्यावी.