मुलांच्या इंग्रजीत डोकावणारी मराठी

चाचणीचे पेपर घरी आले, की इंग्रजीच्या पेपरातल्या लाल रेघा बघून पुष्कळ घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "एवढं शिकवतात, तरी डोक्यात शिरत नाही!" महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी त्याच त्या चुका दहावीपर्यंत पाठ सोडत नाहीत.

पण मैत्रिणींनो, त्या लाल रेघा जरा नीट बघा. यातल्या कितीतरी चुका आळसाच्या नसतात. मूल मनात मराठीत वाक्य जुळवतं आणि शब्द तेवढे इंग्रजी घालतं. म्हणूनच आपलं इंग्रजी बेताचं असलं, तरी चुकीचं मूळ आपल्याला चटकन सापडू शकतं.

'आय डिड नॉट वेंट' हेच घ्या. 'मी गेलो' याला आपण नुसतं 'नाही' जोडतो, 'गेलो' तसंच राहतं. मूलही 'वेंट' तसंच ठेवतं. 'डिड' आला, की पुढचं क्रियापद साधं, म्हणजे 'डिड नॉट गो', एवढं सांगा.

'जरी' आला की 'तरी' हवाच, ही आपली सवय. त्यामुळे मुलं 'ऑल्दो'ने सुरू केलेल्या वाक्यात पुढं 'बट'ही घालतात. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो.

'तू का रडतेस?' या वाक्यावरून 'व्हाय यू आर क्रायिंग?' होतं. इंग्रजी प्रश्नात 'आर' आधी येतो: 'व्हाय आर यू क्रायिंग?'

सगळ्यात फसवी चूक निरोपाची. 'बाबा म्हणाले, की मी येईन' हे मराठीत बिनचूक, येणार बाबाच. पण 'फादर सेड दॅट आय विल कम' असं लिहिलं, तर येणारा लिहिणारा मुलगाच ठरतो! तिथं 'ही वुड कम' हवं.

'अ', 'अॅन', 'द' यांना मराठीत जोडच नाही, तेव्हा ते वाचून वाचूनच अंगवळणी पडतात. 'अॅन' मात्र स्पेलिंग बघून नव्हे, उच्चार ऐकून लावायचा. 'एच'ने सुरू होत असूनही 'अॅन अवर', आणि 'यू'ने सुरू होत असूनही 'अ युनिफॉर्म'.

मग घरी काय करायचं? रात्री जेवणं उरकली, की दिवसभरात काय घडलं यावर पाचच वाक्यं लिहून घ्या. आठवडाभर एकाच प्रकारची चूक धरा, बाकीच्यांकडे काणाडोळा करा. चुकलेलं वाक्य आधी मराठीत म्हणायला लावा आणि विचारा, "इथं मराठी कुठं डोकावली सांग बघू?" वहीच्या शेवटच्या पानावर 'चूक' आणि 'बरोबर' असे दोन रकाने आखून द्या. मुलानं स्वतः शोधलेली चूक त्याच्या चांगली लक्षात राहते.

आणि हो, पाहुण्यांसमोर त्याच्या इंग्रजीला हसू नका. त्या धास्तीनं मुलं स्वतःची वाक्यं लिहायचं सोडतात आणि गाईडातला निबंध घोकून उतरवतात. त्यात चूक सापडत नाही, पण इंग्रजीही येत नाही.

तेव्हा या रविवारी वही घेऊन बसा. लाल पेन नको, पेन्सिल पुरे!